चोच वाढली म्हणून कापू नका, आधी ती का वाढली ते बघा

पत्र: "आमच्याकडे लव्ह बर्ड्सची जोडी आहे. नर तीन वर्षांचा, मादी त्याहून लहान. पिंजरा पडवीत टांगलेला असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत नराची वरची चोच लांबली आहे आणि तिच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढुरकी खपली धरली आहे. वाटी भरलेली दिसते, तरी तो बारीक झाल्यासारखा वाटतो. दुकानदार म्हणतो, नेलकटरने टोक उडवा आणि खोबरेल लावा. शेजारच्या काकी म्हणतात, कॅल्शियम कमी पडलंय, किनाऱ्यावरचा समुद्रफेन आणून टांगा. मादीचं नाकही तपकिरी आणि जाड झालंय. तिलाही तेच लागलंय का? खायला राळा, सूर्यफुलाच्या बिया आणि घरात नारळ फोडला की खोबऱ्याचा तुकडा देतो. काय करावं?"
– एक वाचक, हर्णै, ता. दापोली

नमस्कार.

नेलकटर बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय खरजेच्या किड्यांवर जातो आणि दुसरा यकृतावर. कॅल्शियमचा नंबर त्यानंतर बराच खाली लागतो. खपली आणि बारीक होणं, दोन्ही एकदम दिसत असेल तर वाट बघत बसू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. तोवर घरी काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते सांगतो.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'लव्ह बर्ड' म्हणून विकले जातात ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी. ते मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांतले; शेपटी लांब, मानेवर आणि पाठीवर काळ्या आडव्या रेघा. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, आणि त्यांच्या नाकाला, म्हणजे चोचीवरच्या मांसल भागाला, असा तपकिरी रंग येत नाही. तुमच्या मादीचं नाक तपकिरी झालंय, म्हणजे तुमची जोडी बजीच. डॉक्टरांना हे नीट सांगा, कारण औषध वजनावर ठरतं आणि घरगुती बजी जेमतेम ३० ते ४० ग्रॅमचा असतो.

आता चोचीबद्दल. लोक तिला नखासारखी धरतात, आणि नेलकटरची चूक तिथेच सुरू होते. वरून दिसतं ते केराटिन, म्हणजे नखाचंच द्रव्य, पण त्याच्या आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत आणि नसाही. केराटिन जन्मभर वाढत राहतं. निरोगी पक्ष्यात मात्र जेवढं वाढतं तेवढं झिजतंही, कारण वरची आणि खालची चोच सतत एकमेकींवर घासली जाते. रात्री झोपायच्या बेतात असताना बजी 'कर्र कर्र' आवाज काढतो, ते हेच घासणं. तो आवाज येत असेल तर पक्षी निवांत आहे असं समजा. वरच्या चोचीवर अधूनमधून पातळ पापुद्रे सुटणं, खाऊन झाल्यावर दांडीवर चोच पुसणं, चढताना चोचीने गज पकडून तिसऱ्या पायाचं काम घेणं, यातलं काहीही आजाराचं नाही.

खाताना एकदा जवळून बघा. दाणा उचलला की बजीची जाड, मांसल जीभ तो वरच्या चोचीच्या आतल्या खाचांवर दाबून धरते. खालच्या चोचीची धार त्याच्या टरफलात शिरते, जीभ दाणा फिरवते, फोलपट बाजूने खाली पडतं आणि आतला गर गिळला जातो. वरची चोचही कवटीशी सांध्याने जोडलेली असल्यामुळे थोडी वर उचलली जाते, म्हणून पकड नेमकी बसते. आता वरची चोच दोन-तीन मिलिमीटर जरी लांबली किंवा तिरकी झाली, तर खालची धार खाचेवर येत नाही. दाणा निसटतो. पक्षी दिवसभर वाटीत चोच घालताना दिसतो आणि पोट रिकामंच राहतं.

तुमच्या 'वाटी भरलेली दिसते' या वाक्यावर म्हणूनच अडायला झालं. बजी फोलपटं वाटीतच टाकतो आणि ती वर साचतात. वाटीवर हलकी फुंकर मारा. फोलपटं उडाली आणि खाली काही उरलं नाही, तर पक्षी खातोय पण त्याला पुरेसं मिळत नाही. अख्खे दाणेच खाली असतील, तर तो खातच नाही. दोघांतलं कोण किती खातं हे कळण्यासाठी नराला एक दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, मादीला दिसेल अशा ठिकाणी ठेवा. सकाळी मोजून दोन चहाचे चमचे दाणे घाला आणि संध्याकाळी फुंकर मारून उरलेलं मोजा. दीड ते दोन चमचे ही एका बजीची दिवसाची साधारण खुराक. तळाच्या कागदावरची विष्ठाही बघा. थोडीशी, गडद हिरवी-काळपट असेल तर पोटात काही जात नाही. अख्खे दाणे बाहेर पडत असतील तर दुखणं चोचीचं नाही, पचनाचं आहे, आणि तेही डॉक्टरांचंच काम आहे. बजीने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजा.

अंदाजाने 'बारीक' म्हणण्यापेक्षा वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. झाकणाला भोकं पाडलेला लहान डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मग पक्षी आत. रोज सकाळी, दाणे घालण्याआधी. ३६ ग्रॅमचा पक्षी ३२ वर आला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दहावा हिस्सा वजन गेलेलं असतं.

आता खपली. भिंगातून किंवा मोबाइलने जवळून फोटो काढून, तो मोठा करून बघा. चोचीच्या कोपऱ्यांत, नाकाभोवती, कधी डोळ्यांच्या कडेला पांढरट-राखी थर असेल आणि त्यात घावनासारखी बारीक भोकांची जाळी दिसत असेल, तर ते खरजेचे किडेच. चोचीवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं आणि नागमोडी चऱ्या ही त्यांची आणखी एक खूण. पायांवरही खवले जाड झालेत का, ते पाहा. हे किडे कातडीत आणि केराटिनमध्ये बिळं करून राहतात; त्यांचं सगळं आयुष्य पक्ष्याच्याच अंगावर जातं. बहुतेक वेळा घरट्यात असतानाच आईबापांकडून लागण होते, मग किडे महिनोन्‌महिने गप्प राहतात आणि पक्षी कशाने अशक्त झाला की डोकं वर काढतात. केराटिन जिथे तयार होतं त्या मुळाशी ते पोचले की चोच वेडीवाकडी आणि लांब वाढू लागते. तुमच्या नराचं असं झालं असण्याची शक्यता मोठी आहे. माणसाला हे लागत नाही.

यावर नेहमीचं औषध आयव्हरमेक्टिन. इथे आकडे नीट वाचा. पक्ष्याची मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजीला ०.००७ मिलिग्रॅम. गोठ्यात जनावरांसाठी असलेल्या १ टक्क्याच्या इंजेक्शनच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. त्याचा एक थेंब म्हणजे सुमारे अर्धा मिलिग्रॅम, बजीच्या मात्रेच्या ७० पट. 'घरात बाटली आहे, एक थेंब मानेवर टाकू' या विचाराने पक्षी मरतो. डॉक्टर ते पातळ करून, मोजून, मानेच्या उघड्या कातडीवर किंवा तोंडावाटे देतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा देतात. बहुतेकदा दोन-तीन वेळा. पहिल्या मात्रेनंतर खपली गळायला लागते आणि लोक तिथेच थांबतात. तसं करू नका. पहिल्या मात्रेतून जे किडे वाचले त्यांच्यासाठीच पुढची मात्रा असते.

खपली नखाने खरवडू नका, खाली कातडी ओली असते आणि रक्त येतं. खोबरेलाचं म्हणाल, तर तेलाने किडे काही प्रमाणात गुदमरतात हे खरं, पण तेल पिसांत पसरतं, पिसं चिकटतात, आणि कोकणच्या पावसात चिकट पिसांचा पक्षी गारठतो. नाकपुडीत गेलं तर श्वासाची अडचण वेगळीच. डॉक्टर मिळायला दोन-चार दिवस लागणारच असतील, तर इअरबडच्या टोकावर व्हॅसलिनचा अगदी पातळ लेप घेऊन फक्त खपलीवर फिरवा. नाकपुड्या, डोळे, पिसं टाळून. तो आधार आहे, उपचार नव्हे.

पक्षी हातात धरताना पातळ सुती फडक्यात घ्या, अंगठा आणि पहिलं बोट डोक्याच्या दोन बाजूंना, बाकीची बोटं सैल. छातीवर दाब नको. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच श्वास चालतो. मुलांच्या हातात घट्ट धरलेले बजी असेच जातात.

खपली नसून नुसतीच चोच वाढत असती, तर यकृताकडे आधी बोट दाखवलं असतं. तुमच्याकडे दोन्ही असू शकतं, कारण खुराक तसाच आहे. सूर्यफुलाच्या बिया तेलकट, आणि ओल्या खोबऱ्यात जवळजवळ तिसरा हिस्सा चरबी. पिंजऱ्यात फारसं न उडणाऱ्या ३५ ग्रॅमच्या जिवाच्या यकृतात ती चरबी साठते आणि केराटिन नीट बनेनासं होतं. चोच लांब, मऊ, भुसभुशीत वाढते, तिच्यावर आणि नखांवर काळपट-तपकिरी रक्ताचे डाग दिसतात, नखंही भराभर वाढतात. चोचीला मार लागला नसताना असे डाग दिसले तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. त्या चोचीचं टोक कितीही वेळा घासलं तरी खाणं बदलल्याशिवाय ती सरळ येणार नाही.

खोबरं आजपासून बंद. सूर्यफूल आठ-दहा दिवसांत कमी करत शून्यावर आणा. दाण्यांत राळ्याबरोबर न सडलेली, म्हणजे टरफलासकटची, वरी आणि नाचणी मिसळा. एकट्या दाण्यांत अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच, आणि त्याच्या कमतरतेने तोंडातली त्वचा जाड होते, नाकपुड्या कोंदतात. त्यासाठी शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पाला धुऊन ओलाच क्लिपने गजाला लावा. बजी आधी त्यात अंग घासतील, मग कुरतडतील. पहिले काही दिवस तोंड लावणार नाहीत, तरी रोज लावत राहा. पावसाळ्यात ओलं खाणं दोन-तीन तासांत काढून टाका, आणि दाणे एकदम किलोभर भरून ठेवू नका. कुबट वास आलेला दाणा उन्हात वाळवून परत वापरण्याची काटकसर इथे नको. तुमचा नर सध्या दाणा फोडू शकत नसेल तर त्याला सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली, वरी पाण्यात तासभर भिजवून, निथळून द्या. ती सोलावी लागत नाही.

समुद्रफेनाबद्दल काकींचं चुकलेलं नाही, फक्त त्याने हे दुखणं जाणार नाही. दुकानात 'कटल बोन' म्हणून पैसे मोजून मिळतं ते हेच, माकुलाच्या अंगातलं पांढरं, हलकं कवच. मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. अंडी घालणाऱ्या मादीला त्याचा मोठा उपयोग. चोच झिजवायला मात्र ते फार मऊ आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर ते फुकट मिळतं, तर जरूर वापरा, पण असं: पांढरं स्वच्छ, अख्खं, वास नसलेलं उचला. पावसाळ्यात वाळूत डांबराचे गोळे येतात, त्यांचा काळा ठिपका जरी लागला असेल तरी ते टाकून द्या. ब्रशने घासून तीन-चार दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दिवसातून दोनदा बदला. मग दहा मिनिटं उकळून कडक उन्हात आतपर्यंत वाळू द्या. पावसाळ्यात ते वाळतच नाही, बुरशी धरतं, म्हणून वर्षाचा साठा उन्हाळ्यातच करा. मऊ बाजू पक्ष्याकडे करून बांधा आणि सुरुवातीला नखाने दोन-चार ओरखडे काढून ठेवा. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, काचेआडून नव्हे, थेट मिळालं तर ते कॅल्शियम अंगी लागतं. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवा.

चोच झिजते ती कामाने. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढा आणि १० ते १५ मिलिमीटर जाडीच्या, कमीजास्त गोलाईच्या खऱ्या फांद्या लावा. पेरूची फांदी उत्तम. तुमच्याकडे किनाऱ्याला सुरूचं बन असेल. सुरू ऑस्ट्रेलियातही वाढतो, आणि त्याच्या फांद्या आणि बारीक बोंडं कुरतडायला बजींना मनापासून आवडतात. फांद्यांवरचं खारं पाणी धुऊन, गरम पाणी ओतून, वाळवून मगच आत ठेवा. झावळीच्या हिरव्या पात्या बांधल्या तर दिवसभर फाडत बसतील. काजू, कण्हेर आणि रुई मात्र नको. काजूच्या चिकाने तर आपली कातडीही भाजते. सुटलेला काथ्या टांगू नका, धागे पायांत अडकतात. सँडपेपरचं आवरण घातलेल्या दांड्या चोच झिजवतात म्हणून विकतात. त्यांनी तळपाय सोलतात, चोच नाही.

पिंजऱ्याचे गजही तपासा. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा लवकर फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि चोचीने चाळा करणारा पक्षी ते गिळतो. जस्ताची विषबाधा होते. गंज किंवा पांढरी भुकटी धरलेला पिंजरा रंगवत बसू नका, बदला. स्टीलचा महाग पडतो, पण समुद्राजवळ तोच टिकतो. त्याहून घातक शिसं. घरात जाळ्यांचं किंवा गळाचं सामान असेल तर शिशाच्या गोळ्या पक्ष्याच्या वाटेत येऊ देऊ नका. पडवीत डासांची कॉइल लावत असाल तर पिंजरा तिथून हलवा.

चोच घासायची की नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. लांबी खाण्याच्या आड येत असेल तर ते बारीक कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने थोडी थोडी घासतील. नेलकटर दाबलं की चोच उभी चिरते, आणि चिरलेल्या रक्तवाहिनीतलं रक्त लवकर थांबत नाही. ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात रक्तच साधारण साडेतीन मिली. सहा-सात थेंबांपलीकडे गेलं की जीव धोक्यात. दुकानदाराने किंवा कोणी आधीच कापून ठेवलं असेल आणि रक्त येत असेल, तर टोकावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून दोन मिनिटं न सोडता धरा. नाकपुड्या मोकळ्या ठेवा. मग अंधाऱ्या, शांत, उबदार जागी ठेवा आणि त्या दिवशी फक्त मऊ खाणं द्या. टोक तुटलं असेल तर परत येतं, मुळापासून तुटलं तर येत नाही.

डॉक्टरांबद्दल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. तरी खपलीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि मोजून आयव्हरमेक्टिन देणं तिथे होऊ शकतं. तुम्ही काढलेला वजनाचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि 'मात्रा ग्रॅममध्ये बसवून द्याल ना?' असं मोकळेपणाने विचारा. कोणी रागावत नाही. पक्षी हाताळायची सवय नसेल तर मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा घाटावर शिरवळचं, इथे पाठवायला सांगा. न्यायचं ते लहान पिंजऱ्यातून, वर फडकं टाकून, दांडी अगदी खाली लावून, म्हणजे एसटीच्या गचक्यात पडणार नाही. त्याचा तळाचा कागदही विष्ठेसकट घेऊन जा.

आता मादी. माजावर आलेल्या बजी मादीचं नाक तपकिरी होतं, जाड आणि सालपटं निघाल्यासारखं दिसतं, काही आठवड्यांनी ती सालं आपोआप गळतात. त्यात जाळी नसेल, नाकपुड्या उघड्या असतील आणि चोच सरळ असेल तर तिला काहीही झालेलं नाही. ओढून काढू नका. निळ्या नाकाचा नर तपकिरी होऊ लागला तर मात्र ते साधं नसतं, वृषणातल्या गाठीने तसं होतं. तुमच्या नराचं नाक निळंच आहे का, तेवढं बघून घ्या. आणि किड्यांचं निदान पक्कं झालं, तर मादीवर एकही खपली नसली तरी औषध दोघांना एकाच दिवशी द्यायचं, आणि लाकडी दांड्या त्याच दिवशी टाकून नव्या लावायच्या.